छत किती आज?

आमच्या बरकतपुऱ्यात हिवाळ्यात पहाटे साडेपाचला फोन वाजला तर दोनच शक्यता असतात. एक तर गावाकडं कुणीतरी गेलं, नाहीतर थरकाका गच्चीवर गेले.

"उठलास का? खाली पार्किंगात जा. तुळशीच्या कुंडीमागं थर्मामीटर लावलाय. किती दाखवायलाय ते सांग."

मी शाल गुंडाळून खाली जातो. मोबाइलच्या उजेडात पारा शोधतो. वॉचमन खाटेवरून मान उचलून बघतो आणि हा चोर नाही, आपल्याच इमारतीतला वेडा आहे, एवढी खात्री करून पुन्हा झोपतो. मी सांगतो, "साडेपंधरा." त्यावर फोनमधून आणि जिन्यातून एकाच वेळी आरोळी येते, "इथं सोळाच्या वर! वर गरम, खाली गार! बघ, उलटं झालंय!" थोरल्या सुनेला मुलगा झाला ती बातमीसुद्धा काकांनी इतक्या मोठ्यानं दिली नव्हती.

जग उलटं झालंय असं म्हणणारे म्हातारे आपल्याकडं घरोघरी आहेत. त्याचं मोजमाप ठेवणारे थरकाका एकटेच.

थरकाका हे नाव आम्हा मराठी मंडळींनी हवेच्या थरांवरून ठेवलेलं. कॉलनीतली तेलुगू पोरं त्यांना 'पोगा तातय्या' म्हणतात. पोगा म्हणजे धूर, तातय्या म्हणजे आजोबा. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात ते 'धुएँवाले चचा' आहेत. तीन भाषांत तीन नावं पडायला हैदराबादेत माणसाला पिढ्या लागतात. काकांनी हे काम दहा वर्षांत उरकलं. खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलंय.

मूळचे नांदेडचे. मुलकी खात्यातल्या वडिलांची बदली झाली म्हणून लहानपणी इकडं आले, जामबागेतल्या विवेक वर्धिनीत शिकले, आणि वीज मंडळात हिशेबनीस म्हणून चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. विज्ञानाशी संबंध एवढाच की ऑफिसच्या पंख्याखाली बसायचे. दहा वर्षांपूर्वी त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी, सगळेच डॉक्टर सांगतात तेच सांगितलं: पहाटे उठून मोकळ्या हवेत फिरा. काका आज्ञाधारक. तीन महिने रोज पाचला बाहेर पडले. खोकला वाढला. दुसरा माणूस डॉक्टर बदलता. हा हिशेबनीस, जमाखर्च तपासायला बसला.

मोबाइलवर सनतनगरचे आणि झू पार्कचे हवेचे आकडे बघायला लागले. पहाटे पाचला रस्त्यावर दुधाच्या गाड्या आणि झाडूवाल्या, तर दुपारी तीनला अख्खं शहर चाकांवर. तरी हिवाळ्यात दुपारचा आकडा कमी, पहाटेचा आणि सकाळी सात-आठचा जास्त! खर्च कमी त्या वेळी शिल्लक कमी, आणि खर्च वाढला की शिल्लकही वाढते, असलं खातं त्यांनी सगळ्या नोकरीत बघितलं नव्हतं. ताळा जमेना. झोप लागेना. शेवटी महिनाभर डोळे फोडून वाचल्यावर एका दुपारी ते चप्पल न घालता माझ्याकडं आले.

"चार माणसं दिवाणखान्यात बसून बिड्या ओढायलीत. चालतं. त्याच चौघांना उचलून न्हाणीघरात कोंब. माणसं तेवढीच, बिड्या तेवढ्याच, धूर तेवढाच. काय होईल?"

"जीव जाईल."

"हौ! पहाटे हैदराबादचं न्हाणीघर होतं!"

तेव्हापासून काकांना 'कसं काय' विचारायची सोय राहिली नाही. आपण विचारायच्या आत ते विचारतात, "छत किती आज?" या छताची त्यांनी काढलेली किल्ली पुढं अख्ख्या कॉलनीनं पाठ केली, ती अशी. जमिनीवरून उठलेला धूर, धूळ, गाड्यांचा वायू हा ज्या उंचीपर्यंत ढवळला जातो, ती उंची म्हणजे छत. हे छत स्थिर नसतं. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन तापते, हवा तव्यावरच्या वाफेसारखी उसळते, आणि छत दोन किलोमीटरच्याही वर जातं. डिसेंबर-जानेवारीच्या शांत रात्री तेच छत शे-दोनशे मीटरवर उतरतं. काका आकडे हैदराबादी मापात सांगतात. चारमिनार साधारण 56 मीटर. तीन-साडेतीन चारमिनार एकावर एक ठेवले की डोकं छताला लागलं.

आम्हाला शाळेत भूगोलात शिकवलं होतं की उंच जावं तसं तापमान उतरतं, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. धड्याचं पुढचं पान बहुधा आमच्या पुस्तकात फाटलेलं असावं. कारण निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात उधळून टाकते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि वरची हवा उबदारच राहते, हे मला पन्नाशी उलटल्यावर पार्किंगात शाल पांघरून कळलं. खाली जड, वर हलकी. तेलाखाली पाणी बसावं तशी ती बसून राहते. धूर थोडा वर चढतो, चढता चढता गार होतो, सभोवतीच्या उबदार हवेपेक्षा जड पडतो आणि माघारी येतो. वारा नसला की मग कुणी ढवळणारा नाही.

"सूर्य म्हणजे डाव," काका काकूंना स्वयंपाकघरात समजावत होते. "नऊ-साडेनऊला डाव फिरायला लागतो, बुडाला बसलेलं वर येतं—"

"मग तो डाव जरा वरणात फिरवा," काकू म्हणाल्या. "बुडाला लागायलंय."

खरी गंमत म्हणजे काकांचे दोन थर्मामीटर अनेकदा काहीच उलटं दाखवत नाहीत. दहातले सहा दिवस वर-खाली सारखंच. पहिले काही आठवडे त्यांनी याचा ठपका माझ्या चष्म्यावर ठेवला. नंतर प्रामाणिकपणे मान्य केलं की दोष सिमेंटचा. दाट वस्तीत भिंती आणि रस्ते दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर ओकत राहतात, त्यामुळं पाच मजल्यांच्या उंचीत फरक दिसेलच असं नाही. छत असतं, पण ते वर कुठंतरी. जमिनीलगतची खरी उलथापालथ बघायची तर मोकळं माळरान पाहिजे. म्हणून एका जानेवारीत आम्ही उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात गेलो. वीस फुटांचा बांबू, त्याच्या दोन टोकांना दोन थर्मामीटर, काका, मी, आणि मला बघून फिरायला आलेल्या लोकांनी बदललेले रस्ते.

सुरक्षारक्षक आला. टॉर्च आधी बांबूवर, मग काकांच्या माकडटोपीवर.

"क्या कर रे साब?"

"छत नाप रहे हैं."

त्यानं टॉर्च वर मारला. तारे होते. "छत किधर है साब यहाँ?"

काकांना श्रोता मिळाला. शेजारीच झाडूवाल्यांनी पाचोळा पेटवला होता. त्याचा धूर झाडांच्या शेंड्यांपर्यंत सरळ गेला आणि तिथं अदृश्य हात लागल्यासारखा थबकून आडवा पसरला. काकांनी बांबू माझ्या हातात दिला आणि धुराच्या जाती सांगितल्या: दुपारी नागमोडी उसळतो तो, ढगाळ वाऱ्याच्या दिवशी शंकूसारखा जातो तो, पहाटे पंख्यासारखा आडवा होतो तो, संध्याकाळी छताच्या वर सुटून निघून जातो तो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सूर्य उगवल्यावर खालची हवा ढवळायला लागते तेव्हा रात्रभर वर लोंबकळलेला धूर एकदम खाली कोसळतो तो. "फिरणाऱ्यांच्या बरोबर नाकात!" काका म्हणाले, आणि ट्रॅकसूट घातलेल्या एका जोडप्याकडं बोट दाखवलं. त्यांनी वेग वाढवला, म्हणजे श्वासही वाढवला.

रक्षकानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो बीस साल से मैं रात की ड्यूटी में यही पी रहा क्या?"

काका काही बोलले नाहीत. असं सहसा होत नाही. परतताना बांबूचं एक टोक माझ्या खांद्यावर, एक त्यांच्या. दुसऱ्या दिवशी ते त्या माणसाला मास्कची पेटी देऊन आले, आणि मला हे आठ महिन्यांनी काकूंकडून कळलं.

यंत्राशिवाय छत ओळखायची एक युक्तीही त्यांच्याकडं आहे, आणि ती मला त्यांच्या सगळ्या विद्येहून आवडते. काचीगुड्याच्या स्टेशनातल्या गाडीची शिट्टी. एरवी ती दूर, पुसट. हिवाळ्याच्या काही पहाटे मात्र उशाशी वाजल्यासारखी येते. वर उबदार हवा असली की आवाज वर निघून न जाता वाकून खाली येतो. "धूर दाबणारं छत तेच, शिट्टी आणणारंही तेच," काका म्हणतात. लहानपणी आम्हाला वाटायचं की थंडीत गाड्याच जास्त येतात.

बेगमपेठेवर त्यांची भक्ती आहे. तिथून हवामान खात्याचा फुगा सुटतो, गळ्यात छोटं यंत्र बांधलेला, वर जाता जाता तापमान, दमटपणा, वारा कळवत जाणारा. पहाटेच्या फुग्याची जगभरातली वेळ एकच, ग्रीनिचची मध्यरात्र, म्हणजे आपले साडेपाच, दुसरा संध्याकाळचा. काकांना फुग्याहून जास्त अप्रूप या वक्तशीरपणाचं. "अख्ख्या जगानं एका वेळेला फुगा सोडायचा! आमच्या ऑफिसात दोन माणसं एका वेळेला येत नव्हती." फुग्याचा आलेख नेटवर आला की ते चष्मा लावून बघतात. रेघ खालीच उजवीकडं मुरडली की नाश्ता करताना पाय हलत असतो.

असा माणूस लग्नाकार्याला बोलावणं धोक्याचं असतं. तेलुगू लग्नातले पहाटे तीनचे मुहूर्त म्हणजे त्यांना पर्वणी. वधूवर होमासमोर बसलेत आणि हे मागं मांडवाच्या कापडाला धूर कुठं टेकतो ते बघायलेत. दिवाळीला नरकचतुर्दशीच्या पहाटे मराठी घरात फटाका वाजलाच पाहिजे, आणि ही वेळ छताच्या दृष्टीनं अख्ख्या दिवसात नीच. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ नेमून दिली तेव्हा काका हळहळले. "न्यायमूर्तींनी मला विचारलं असतं तर दुपारी तीन ते चार सांगितलं असतं." नातवानं विचारलं, "आजोबा, दुपारी भुईनळा दिसणार कसा?" काकांनी त्यावर विचार केला. अजून करतायत.

तत्त्व पाळण्यात कसूर नाही. पहाटे हवा वाईट, दुपारी चांगली. तेव्हा फिरणं दुपारी तीनला. हिवाळ्यात हे शहाणपण होतं. मे महिन्यातही त्यांनी ते चालू ठेवलं. बेचाळीस अंशांत, छत्री घेऊन, नल्लाकुंट्याच्या चढावर. चौथ्या दिवशी दवाखान्यात सलाइन. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य: "छत मात्र झकास होतं." त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं आणखी एक खडा टाकला, की दुपारच्या कडक उन्हात गाड्यांच्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तोही छातीला वाईटच. काका दोन दिवस जेवले नाहीत म्हणण्यापेक्षा बोलले नाहीत. काकूंच्या मते दुसरं जास्त काळजीचं. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीपत्रक निघालं: 'दुपारचं फिरणं नोव्हेंबर ते फेब्रुवारी.'

2020 च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, हवा निवळली, सगळे हरखले. काका म्हणाले, "छत तेच आहे. भाडेकरू गेले."

हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून घेतलं. पण काकांचं सगळं म्हणणं त्यातच आहे. जिडीमेटला, पटानचेरूकडची माणसं रात्रीच्या वासाची तक्रार करतात. "कारखाना रात्री सोडतो की दुपारी, मला ठाऊक नाही," काका म्हणतात. "दुपारी सोडलेलं आभाळाला पोचतं. रात्री सोडलेलं अंथरुणाला." आणि कुणी हवामानावर खापर फोडलं की मात्र त्यांचा आवाज चढतो. छत रोज रात्री खाली येतं. हिवाळ्यात जास्त येतं. त्याची तारीख पंचांगाइतकी आधी ठाऊक असते. "छत खाली येणार हे माहीत असून त्याखाली चूल पेटवणाऱ्यानं छताला शिव्या द्यायच्या नसतात." लंडनची डिसेंबर 1952 ची गोष्ट ते कुठंही सांगतात, बारशालासुद्धा: पाच दिवस वारा पडला, घरोघरच्या कोळशाचा धूर छताखाली अडकला, आणि चार हजार माणसं गेली असं आधी म्हटलं, नंतरच्या हिशेबांत बारा हजारांपर्यंत.

भोपाळची ते सांगत नाहीत. 2 डिसेंबरच्या रात्री, 1984 साली, तिथंही हवा गार होती, वारा मंद होता, आणि जमिनीला धरून चाललेला वायू वर न जाता झोपलेल्या वस्तीत शिरला. एकदाच मी विचारलं होतं. तेव्हा काका 'छत' हा शब्द बोलले नाहीत. "ते कारखान्याचं होतं," एवढंच म्हणाले. त्या तारखेच्या दुसऱ्या पहाटे मला फोन येत नाही.

स्वतःबद्दलच्या सूचना त्यांनी मुलांना लिहून दिल्या आहेत. विद्युतदाहिनी. आणि तरीसुद्धा वेळ दुपारी दोन ते चार. "कितीही घाई असली तरी पहाटे नेऊ नका, लोकांना त्रास." थोरला म्हणाला, बाबा, मे महिना असला तर? काकांनी कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, 'येणाऱ्यांनी छत्री आणावी.'

आता भोगीचं. आपल्याकडं भोगी म्हणजे तिळाची बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. इथं तेलुगू घरांत भोगी म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात जुन्या लाकडाकुडाची होळी. म्हणजे जानेवारी, पहाट, वारा नाही, आणि गल्लीगल्लीत जाळ. छताच्या इतिहासात याहून वाईट मुहूर्त काढायचा म्हटला तरी निघणार नाही. गेल्या वर्षी काकांनी सोसायटीच्या बैठकीत ठराव मांडला: भोगीचा जाळ दुपारी अडीच वाजता करावा. आलेख दाखवला. चारमिनार एकावर एक ठेवले. सेक्रेटरी गप्प, खजिनदार मोबाइलमध्ये. तळमजल्यावरच्या तेलुगू आजी, वय नव्वदीच्या घरात, शांतपणे म्हणाल्या, "उजाडायच्या आत पेटते ती भोगी. दुपारी पेटतो तो कचरा."

ठराव एक विरुद्ध सगळे असा फेटाळला गेला. मी तटस्थ होतो. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण साडेपाचचा फोन चुकला नाही.

भोगीच्या पहाटे काका वही-पेन घेऊन पार्किंगच्या कडेला उभे. पोरांनी जाळ केला. मोडकी कपाटं, झाडूंचे बुंधे, कुणाची तरी खुर्ची. तेवढ्यात काकू जिन्यातून उतरल्या, चाळीस वर्षं हैदराबादेत काढल्यानं त्या दोन्ही भोग्या करतात, आणि त्यांच्या खांद्यावर वीस फुटी बांबू होता. जिन्यात दहा वर्षं आडवा पडलेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागलेला, गॅस सिलिंडरवाल्यानं ज्याला शिव्या दिलेल्या तो. थर्मामीटर त्यांनी सोडून ठेवले होते, बाई हिशेबी. "जुनं टाकायचं असतं आज," म्हणाल्या आणि बांबू जाळात दिला.

पार्किंगात शांतता पसरली. काका बघत राहिले. बांबू तडतडला, फुटला, त्याचा पांढरा धूर सरळ वर गेला, दुसरा मजला, तिसरा, आणि चौथ्याच्या खिडकीपाशी थबकून आडवा झाला; इस्त्री केलेल्या चादरीसारखा सगळ्या गल्लीवर पसरला. काचीगुड्याकडून गाडीची शिट्टी आली, अगदी कानाशी. काकांनी वहीत वेळ लिहिली. उंची लिहिली. मग खोकत, डोळे पुसत काकूंकडं वळले. "इतकं स्वच्छ माप त्यानं उभ्या जन्मात दिलं नव्हतं."

डोळे धुरानं भरून आले होते असं मी समजतो.

नांदेड, परभणीकडच्या मंडळींना एक विनंती. डिसेंबर-जानेवारीत हैदराबादला येणार असाल तर पहाटे काचीगुड्याला पोचणारी गाडी धरू नका, दुपारची बघा. काका हौसेनं उतरवून घ्यायला येतात, बॅगही उचलतात, पण घरी नेल्यावर चहाच्या आधी पार्किंगात उभं करतात. बांबू नवीन आणलाय, पंचवीस फुटी. खालचं टोक धरायला माणूस हवाय.